बादलीतला गप्पी, दुकानातला गप्पी

आमच्या शाळेसमोर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि त्याच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा'. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला हे वाक्य पाठ नाही असं सहसा होत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. पोरांना मराठीतली जोडाक्षरं शिकवायची असली की मी त्यांना खिडकीशी उभं करते आणि तीच भिंत वाचायला लावते. 'प्रा', 'ग्य', 'द्र', 'प्पी', सगळी तिथे सापडतात.

केंद्राच्या मागे सिमेंटचं एक टाकं आहे, त्यावर पाटी, 'गप्पी मासे पैदास केंद्र'. पावसाळा लागला की आरोग्यसेवक तिथून बादलीभर मासे घेऊन गावात फिरतात आणि जे हौद-टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांत सोडतात. गप्पी डासांच्या अळ्या खातो. मळकट राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. मादीला रंग जवळजवळ नाहीच. नराच्या अंगावर नीट पाहिलं तर एखादा केशरी ठिपका, एखादी काळी रेघ. फुकट मिळतो, म्हणून त्याची कुणाला किंमत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका पालकांनी शाळेला तीन फुटी काचेची टाकी भेट दिली. हेडमास्तरसाहेबांनी मासे आणायचं काम माझ्याकडे सोपवलं, कारण पुसदला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं माशांचं दुकान आहे. बारावीनंतर आयटीआय केलं, नोकरी काही लागली नाही. मग दहा बाय बाराच्या गाळ्यात पुढे मोबाइलचे कव्हर आणि रिचार्ज, मागच्या भिंतीला माशांच्या वीस-बावीस टाक्या. घरात सहा माणसं, त्यांचं सगळं याच्यावर. माल नागपूरहून येतो आणि नागपूरला चेन्नईच्या कोलाथूरहून, कोलकात्याहून. पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, गळा रबराने बांधलेला, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुसद.

मला पाहून तो उठून उभा राहिला, चहा मागवला आणि एकेक टाकी दाखवू लागला. लाल-केशरी पॅरट. डोक्यावर टेंगूळ आलेला फ्लॉवरहॉर्न. पोट फुगलेली बलून मोली. डोळ्यांखाली पाण्याच्या दोन पिशव्या घेऊन फिरणारा बबल आय. आणि एका टाकीत निळ्या-जांभळ्या पंख्यासारखी शेपटी पसरून फिरणारे इवलेसे मासे, दीडशे रुपये जोडी. "हे कोणते रे?" मी विचारलं.

"गप्पी, मॅडम."

मी म्हटलं, गप्पी आमच्या शाळेसमोर बादलीत मिळतात, ते असे नसतात. तो हसला. "वही मछली है मॅडम. बस, छाँट-छाँट के बनाई है."

छाँट-छाँट के. निवडून निवडून. विज्ञानाच्या पुस्तकात याला 'निवडक पैदास' म्हणतात आणि त्यासाठी अर्धं पान खर्च करतात. माझ्या विद्यार्थ्याने तीन शब्दांत सांगितलं. तेव्हा मी मासे न घेताच परतले, आणि पुढचे काही महिने या विषयाने माझा पिच्छा सोडला नाही. आज जे लिहितेय ते त्यातूनच आलेलं आहे.

आधी गप्पीचीच गोष्ट. हा मासा मुळात दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि ट्रिनिडाड बेटाचा. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी नावाच्या तिथल्या गृहस्थांनी १८६६ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि त्यांचं आडनाव माशाला चिकटलं. म्हणजे आपल्या यवतमाळच्या भिंतींवर एका साहेबाचं आडनाव रंगवलेलं आहे. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. दर महिन्याला एक वेत. मादी एकदा नराकडून घेतलेलं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी हौदात सोडली तरी हौद भरतो. हिवताप विभागाला हा मासा का आवडला ते यावरून कळावं.

याच माशावर १९८० साली जॉन एन्डलर या शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला, जो मला फार आवडतो. ट्रिनिडाडच्या ओढ्यांत त्याच्या लक्षात आलं की जिथे गप्पीला खाणारे मोठे मासे आहेत तिथले नर फिके असतात, आणि जिथे तसे शत्रू नाहीत तिथले नर रंगीत. मग त्याने कृत्रिम तळी करून पाहिलं. शत्रू मासा सोडला की थोड्याच पिढ्यांत नर फिके होत गेले, शत्रू नसला की ठिपके वाढत गेले. कारण मादीला रंगीत नर आवडतो आणि शत्रूला रंगीत नर लवकर दिसतो. दोघांच्या नजरा एकाच वेळी छाटणी करतात. एक रंग वाढवते, एक रंग कमी करते, आणि मधे जो उरतो तो आपल्या बादलीतला गप्पी.

दुकानातल्या गप्पीवर तिसरी नजर पडलेली आहे, आपली. आपण मादीसारखा रंग मागतो, आणि शत्रूला तर टाकीबाहेरच ठेवलेलं आहे. त्यामुळे रंग वाढायला कुठेच आडकाठी नाही. शेपटी इतकी मोठी होते की नराला ती ओढत फिरावं लागतं. मी दुकानात पाहिलं, खाणं टाकलं की माद्या आधी पोचतात, नर मागून येतात.

रंग उतरतो कसा, तेही या माशानेच शिकवलं. १९२० च्या सुमारास कोपनहेगनमध्ये योहानेस श्मिट आणि त्यांच्यामागून ऑइव्हिंद विंगे यांनी दाखवलं की गप्पीच्या नराचे काही ठिपके थेट बापाकडून मुलाकडे जातात, मुलीकडे नाही, कारण ते वाय गुणसूत्रावर असतात. आमच्याकडे 'बापाचं नाक घेतलंय' म्हणतात तसं. म्हणून चांगल्या शेपटीचा एक नर मिळाला की पैदास करणारा त्याला जपतो. पण शेपटीचा आकार, अंगाचा रंग असे सगळे गुण बापाकडूनच येत नाहीत, आईकडचाही वाटा असतो. मग दोन्हीकडून तोच गुण यावा म्हणून काय करतात? त्या नराला त्याच्याच मुलींकडे सोडतात, मग नातींकडे. माझ्या विद्यार्थ्यानेही घरी गच्चीवर असं करून पाहिलं होतं. त्याने सांगितलं, पहिल्या काही वेतांत मासे झकास आले, एकासारखा एक. नंतर पिल्लं कमी पडू लागली, मरू लागली, काहींना कुबड आलं. मग त्याला नागपूरच्या एका जाणत्याने सांगितलं की दोन-तीन वेगळ्या घराण्यांचे मासे ठेव आणि मधूनमधून त्यांची अदलाबदल कर. तेव्हा जरा सुधारलं.

ही गोष्ट मी आठवीच्या वर्गात सांगितली आणि अडकले. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, फिर अपने में चाचा-मामू के बच्चों की शादी होती, उसमें भी ऐसा होता क्या?"

वर्ग खिदळला. मला हसू आलं नाही. माझं स्वतःचं लग्न माझ्या सख्ख्या खालेच्या मुलाशी झालेलं आहे.

टाळता आलं असतं. 'हा प्रश्न विज्ञानाच्या सरांना विचार' म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी सांगितलं ते असं : आपल्या प्रत्येकाच्या अंगात दोन-चार दोष लपलेले असतात, ते एकटे असताना काही करत नाहीत. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तरच तो बाहेर येतो. नात्यातल्या दोघांत तोच दोष असण्याची शक्यता जास्त. सर्वसाधारण जोडप्यांत शंभरातल्या दोन-तीन मुलांना जन्मजात मोठा दोष असतो, सख्ख्या चुलत-मावस-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण चार ते सहा होतं. म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच असतात, माझीही दोन्ही आहेत. पण त्याच दोन घरांत पिढ्यानपिढ्या सोयरीक होत राहिली तर धोका साचत जातो. आणि ही काही फक्त आपली रीत नाही, शेजारच्या कितीतरी मराठी घरांत मामाची मुलगी करतातच. विदर्भात सिकलसेल आहे, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लग्न नात्यात असो की परक्यात, ती आधी करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी एका आजी शाळेत आल्या. पोरांना हे काय शिकवता म्हणून बोलल्या. मी खुर्ची दिली, ऐकून घेतलं. त्यांच्या घरात दोन नातवंडं अशी आहेत, हे त्यांनीच शेवटी रडत सांगितलं. त्यावर मी इथे जास्त लिहिणार नाही. गप्पीची एक पिढी तीन-चार महिन्यांची. आपल्या पणज्यापासून आपल्यापर्यंत यायला जो शंभर वर्षांचा काळ जातो तो माशांच्या टाकीत दीड वर्षात निघून जातो. म्हणून माशांत ते दिसतं आणि घरात ते नशीब म्हणून सोडून दिलं जातं, एवढंच सांगते.

आता त्या दुसऱ्या टाक्यांकडे येते. शेपटीचा रंग वाढवणं एक. पण बलून मोली म्हणजे काय? मोलीच्या पाठीचा कणा आखूड आणि वाकडा करून टाकलेली जात. कणा आखूड म्हणून पोट फुगलेलं दिसतं, आतली आतडी-काळीज त्याच दाटीत कोंबलेली. बबल आय हा गोल्डफिश. गोल्डफिशची कहाणी चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. तळ्यातल्या एका साध्या करड्या माशाच्या पिल्लांत कधीतरी एखादं लालसर निघालं, ते कुणीतरी वेगळं ठेवलं. इथवर कुणाला तक्रार नसावी. पण छाटणी थांबली नाही. पाठीवरचा पर काढला, डोळे वर फिरवले, डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या आणल्या. त्या माशाला समोरचं धड दिसत नाही आणि तळाच्या खड्याला घासून पिशवी फाटते. पॅरट हा १९८० च्या दशकात तैवानमध्ये वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आला. त्याचं तोंड म्हणजे एक उभी फट. कित्येकांना ते पूर्ण मिटताच येत नाही, खाणं घशातल्या दातांनी चिरडावं लागतं. नर बहुधा वांझ. काही ठिकाणी त्याच्या पिल्लांच्या शेपट्या कापतात, म्हणजे मोठेपणी मासा बदामाच्या आकाराचा दिसतो, आणि तो 'लव्ह' म्हणून विकतात. पारदर्शक काचमाशाच्या अंगात सुईने रंग भरतात, ते तर पैदासही नाही, नुसता छळ.

बकरी ईदच्या आधी बाजारात बकरा घ्यायला गेलेला आमचा माणूस काय करतो, ते वाचकांनी आठवावं. दात बघतो. कान उलटून बघतो. डोळ्यांसमोर हात हलवतो. चार पावलं चालवून बघतो. उघड आंधळा, उघड लंगडा, उघड आजारी, आणि इतका वाळलेला की हाडात मगज उरला नाही, असं जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आमच्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. धडधाकट नसलेलं जनावर आम्ही परत करतो, विकणाऱ्याशी भांडतो. आणि हाच माणूस पोराला घेऊन माशांच्या दुकानात जातो तेव्हा जो मासा सर्वांत जास्त अधू आहे त्याला सर्वांत जास्त पैसे मोजतो. दिसत नाही, शंभर रुपये जास्त. तोंड मिटत नाही, दोनशे जास्त. मला हा हिशोब दुकानातच उभ्या उभ्या सुचला आणि लाज वाटली, कारण मी ज्या पॅरटच्या टाकीपुढे पाच मिनिटं कौतुकाने उभी होते ती हीच.

फ्लॉवरहॉर्नबद्दल एक जाता जाता. मलेशियात १९९० च्या दशकात तयार झालेला हा मासा. टेंगूळ मोठं तितकं नशीब मोठं, अशी त्याची ख्याती. ज्यांच्या घरी वास्तुशास्त्र चालतं त्यांच्याकडे तो असणं मी समजू शकते. पण आमचे काही हाजीसाहेबही गल्ल्याशेजारी तो ठेवतात, बरकतीसाठी. विचारलं तर म्हणतात, नाही, नुसता शोभेचा.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांशी मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, "बेटी, अल्लाहने जे बनवलं त्यात माणसाने हात घालायचाच कशाला? सगळंच नाजायज." मला त्यांचा आदर आहे, पण हे मला पटत नाही. अरबांनी घोड्यांच्या वंशावळ्या तोंडपाठ ठेवल्या त्या काय हौस म्हणून? आपल्याकडची उस्मानाबादी शेळी, ज्वारीचं टपोरं कणीस, हापूसचं कलम, हे सगळं छाटणीतूनच आलं आहे. आणि पाळणंही मना नाही. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची पाळलेली चिमणी मेली तेव्हा पैगंबरांनी त्या पोराजवळ बसून तिची चौकशी केली होती, ही हदीस आम्ही मदरशात शिकलो. प्रश्न हात घालण्याचा नसून, हात घातल्यावर त्या जिवाचं काय झालं याचा आहे. तो पोहतो का? त्याला दिसतं का? खाता येतं का? पिल्लं होतात का? बकऱ्याला लावतो तीच कसोटी.

छाटणी करूनही मासा धड राहतो याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपण बाजारातून आणतो तो रोहू. भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा इथे गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे. तिथे १९९२ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत रोहूची निवडक पैदास सुरू झाली आणि १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'जयंती रोहू' आला. दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास फायदा. पण त्यांनी सुरुवात कशी केली ते बघा. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा, या पाच नद्यांचे रोहू आधी गोळा केले, त्यात तळ्यातला पाळीव रोहू मिसळला, आणि मग निवड सुरू केली. घरात घर करत बसले नाहीत. माझ्या विद्यार्थ्याला नागपूरच्या जाणत्याने जे दोन-तीन घराणी ठेवायला सांगितलं, तेच हे, मोठ्या प्रमाणावर.

क्लोनचं काय, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. एक सुंदर मासा मिळाला की त्याच्याच हुबेहूब नकला काढता आल्या तर ही बाप-लेकीची भानगडच नको. लोकांना क्लोन म्हटलं की १९९६ ची डॉली मेंढी आठवते. माशांत हे काम कितीतरी आधीचं आहे. चीनमध्ये तुंग ती-चौ यांनी १९६३ साली एका माशाच्या पेशीचं केंद्रक दुसऱ्याच्या अंड्यात घालून मासे वाढवले. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये झेब्रा माशाचे क्लोन केले. आणि हा झेब्रा मासा मूळचा आपलाच, गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर पुस्तक काढलं त्यात तो पहिल्यांदा नोंदला गेला.

याहून नवल गप्पीच्याच एका चुलत बहिणीचं आहे. मेक्सिको आणि टेक्सासच्या नद्यांत अमेझॉन मोली नावाची जात आहे, १९३२ मध्ये हब्ज पती-पत्नींनी ती लोकांपुढे आणली. यांत सगळ्या माद्याच. दुसऱ्या जातीच्या नराचं वीर्य फक्त अंडं जागं करायला लागतं, त्यातलं काही पिल्लात उतरत नाही. प्रत्येक मुलगी आईची नक्कल. असे वंश लवकर झिजून संपतात असं शास्त्रज्ञ मानत आले, मीही वर्गात तसंच सांगत होते. २०१८ मध्ये तिचा पूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा तो बऱ्यापैकी निरोगी निघाला, आणि ही जात लाखभर वर्षं टिकून आहे. तेव्हा 'क्लोन म्हणजे नाजूकच' हे मी आता इतक्या ठामपणे बोलत नाही. पण दुसरी बाजूही आहे. जर्मनीच्या ॲक्वेरियम बाजारात १९९० च्या दशकाच्या मध्यावर एक चट्ट्यापट्ट्यांची गोड्या पाण्यातली झिंग्यासारखी जात दिसली. हीही सगळी मादी, नराशिवाय स्वतःच्या नकला काढणारी. हौशी लोकांच्या टाक्या भरल्या, त्यांनी ती तळ्यांत टाकली. आज ती युरोपातल्या कित्येक देशांत आणि मादागास्करच्या भातखाचरांत पसरलेली आहे. एकच जीव सुटला तरी पुरतो, हा क्लोनचा खरा धोका. नकला कितीही काढल्या तरी पॅरटचं तोंड तसंच उघडं राहणार, हे वेगळंच.

आणि हा सुटण्याचा प्रकार आपल्याकडे रोज होतो. टाकी नको झाली की पोरांचे वडील 'पाप नको' म्हणत मासे पूस नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, काच साफ करतो म्हणून घराघरांत ठेवलेल्या सकर माशाने त्यांच्या जाळ्यांचं काय केलंय ते. खुद्द गप्पीही परका आहे, बंद हौदात ठीक, नदी-ओढ्यात सोडू नये.

चमकणाऱ्या माशाबद्दल पोरांना सर्वांत जास्त कुतूहल असतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९९ च्या सुमारास झेब्रा माशाच्या अंड्यात जेलीफिशचं जनुक घातलं गेलं, उद्देश असा की पाणी दूषित झालं तर मासा चमकून सांगेल. २००३ च्या अखेरीपासून अमेरिकेत तो शोभेचा मासा म्हणून बाजारात आला. ही छाटणी नाही, हे बाहेरून जनुक घालणं. ब्राझीलमध्ये ते माशांच्या फार्ममधून ओढ्यांत पोचल्याची नोंद २०२२ मध्ये झाली. तिथे झेब्राचे भाऊबंद नाहीत. आपल्याकडे नदीत आहेत.

यवतमाळच्या माणसाला जनुकाची गोष्ट नवीन नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा मी नुकतीच बी.एड. करून नोकरी शोधत होते. माझ्या मामूंच्या शेतात पहिल्या वर्षी बोंडं पाहून सगळे खुश. घरचं सरकी-बियाणं ठेवायची सवय पाच-सहा वर्षांत मोडली. दरवर्षी पाकीट आणायचं. मग गुलाबी बोंडअळी त्या बीटीला दाद देईना. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, हे कोण विसरेल? त्यानंतर परवानगी नसलेलं 'चोर बीटी' गावोगाव विकलं गेलं. सगळा दोष जनुकाचा होता असं मी म्हणत नाही. पण वाण वापरायचा एकाने, बियाणं दुसऱ्याच्या हातात, आणि बिघडलं तर भोगायचं तिसऱ्याने, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. वांझ पॅरटची पाकिटं नागपूरहून येतात तेव्हा मला सरकीची पाकिटं आठवतात.

हे सगळं मी माझ्या विद्यार्थ्याला बोलून दाखवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या शाळेची एक टाकी रिकामी राहिली तरी चालेल. माझं भाडं पॅरटवर निघतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. गिऱ्हाईक मागतं म्हणून तो आणतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपण. सुईने रंगवलेले मासे त्याने आणणं बंद केलं आहे. माझ्या उपदेशाने नाही, ते पंधरा दिवसांत मरायचे आणि लोक भांडायला यायचे म्हणून. पॅरट अजून आहे. पण गच्चीवर त्याने आता पैदाशीच्या टाक्या वाढवल्यात. झेब्रा, रोझी बार्ब आणि तीन घराण्यांचे गप्पी ठेवलेत. स्वतःचे गप्पी तो शंभराला जोडी देतो आणि ते नागपूरच्या मालापेक्षा जास्त टिकतात, असं त्याचं म्हणणं. वाचकांपैकी कुणाला पोरांसाठी मासे घ्यायचेच असतील तर दुकानदाराला एवढं विचारा : हा इथलाच आहे का, आणि याला पिल्लं होतात का? चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्या वेळेला त्याच्याकडे उत्तर तयार असेल.

शाळेच्या टाकीत मी शेवटी आरोग्य केंद्राच्या बादलीतले चाळीस गप्पी सोडले. हेडमास्तरसाहेब दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. एवढी मोठी काच आणि त्यात हे? टाकी देणारे पालकही जरा हिरमुसले. पोरांनी मात्र पहिल्या आठवड्यातच डासांच्या अळ्या गोळा करून आणायचा सपाटा लावला, आता मोहल्ल्यात कुणाच्या कुंडीत पाणी साचलेलं राहत नाही. जानेवारीत वाढलेल्या पिल्लांत एक नर निघाला, त्याच्या शेपटीच्या वरच्या कडेला केशरी पट्टा आहे, तळहाताच्या रेषेएवढा. आठवीच्या पोरांनी लगेच बरणी आणली. "मॅडम, इसको अलग रखते, इसके जैसे और बनाते."

मी परवानगी दिली, पण एका अटीवर. त्याच्यासोबत टाकीतल्या माद्या ठेवायच्या नाहीत. दारव्ह्याकडच्या एका केंद्रात आमच्या एका शिक्षिकेचे भाऊ आरोग्यसेवक आहेत, त्यांच्या टाक्यातल्या दोन माद्या आणायच्या. त्या येत्या रविवारी यायच्या आहेत. तोवर बरणी खिडकीत आहे, भिंतीवरच्या निळ्या अक्षरांसमोर.